आपली वही कोणाच्या हातात?

आजच्या विषयाचं नाव जड आहे: विकेंद्रित डिजिटल ओळख आणि तिचा कारभार. नाव ऐकून रेडिओ बंद करू नका. हे काम आपण दर आठवड्याला, नाहीतर दर महिन्याला बचत गटाच्या बैठकीत करतच असतो. फक्त तिथे त्याला कोणी असलं नाव देत नाही.

बैठक कशी चालते ते आठवा. दहा-वीस बाया गोल करून बसतात. सचिवताई वही उघडून मोठ्यानं वाचतात, कोणाची किती बचत, कोणाचा किती हप्ता, व्याज किती. प्रत्येकीच्या मांडीवर स्वतःचं पासबुक असतं. सचिवताईंच्या वहीत जी नोंद, तीच पासबुकात. चुकून सातशेच्या जागी पाचशे वाचलं गेलं, की जिचे पैसे ती बोलते आणि शेजारचीही बोलते, "काहून ताई, मागच्या बैठकीत तर सातशे सांगितले होते!" बँकेतून पैसे काढायला दोघींच्या सह्या लागतात. एकटीला मनात आणून काही फिरवता येत नाही, कारण नोंद एका जागी नाही. ती गटाच्या वहीत आहे, प्रत्येकीच्या पासबुकात आहे आणि सगळ्यांच्या कानावरूनही गेलेली आहे.

विकेंद्रित म्हणतात ते हेच. आता याच्या उलट बाजूची व्यवस्था पाहू, कारण आपलं रोजचं आयुष्य तिच्यावर चालतं.

29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला, तोही एका आदिवासी बाईला. त्यासाठी पंतप्रधान त्या गावात आले होते. आधारमुळे काय मिळालं ते आधी सांगितलं पाहिजे. कित्येक बायांच्या नावावर तोवर एक धड कागद नव्हता. रेशनकार्ड नवऱ्याच्या नावाचं, घर सासऱ्याच्या नावाचं, वावर दोघांपैकी एकाच्या नावाचं. स्वतःचा फोटो आणि स्वतःचं नाव असलेला पहिला कागद अनेकींना आधारच्या रूपात मिळाला आणि त्यावर बँकेत खातं उघडता आलं. ही लहान गोष्ट नाही.

पण त्याची रचना कशी आहे? दहा बोटांचे ठसे, दोन डोळ्यांच्या बुबुळांची छबी आणि फोटो हे सगळं सरकारच्या मध्यवर्ती साठ्यात राहतं. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर आपण अंगठा ठेवतो, तेव्हा ते मशीन दूरवरच्या त्या साठ्याला विचारतं, "ही तीच बाई का?" तिकडून उत्तर येतं, हो किंवा नाही. हे उत्तर देणारी जागा एकच आहे. तिथून 'नाही' आलं की समोर उभी असलेली बाई, तिला वीस वर्षं ओळखणारा दुकानदार आणि मागे रांगेत थांबलेल्या शेजारणी यांच्या शब्दाला मशीनपुढे काही किंमत राहत नाही.

आपल्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडाची टोकं बोटांना लागून लागून बोटांची सालं निघतात. भांडी, धुणं, निंदण, विळा यांनी आधीच रेघा झिजलेल्या असतात. म्हाताऱ्या बायांची तर बोटं गुळगुळीत झालेली. अंगठा लागत नाही यात बाईचा दोष काय? ऑक्टोबर 2017 मध्ये केंद्राच्या अन्न विभागानं राज्यांना कळवलं आहे, की आधार नाही किंवा ठसा जुळत नाही एवढ्यावरून रेशन नाकारू नये. हे प्रत्येकीला माहीत असायला हवं. 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की सिमकार्डासाठी किंवा शाळेच्या प्रवेशासाठी आधारची सक्ती करता येत नाही. तरी झेरॉक्स मागतातच. शेगाव स्टेशनवर कचोरी घेताना अजून कोणी आधार मागत नाही, एवढं तरी बरं.

दुसरी अडचण नावाची, आणि ती पुरुषांना सहसा कळत नाही. समजा माहेरी नाव वंदना, सासरी ठेवलं सुनीता. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, बँकेत इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी. बाई एकच, पण संगणकाला तीन बाया दिसतात. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या लेकरांच्या नावात आता आईचं नाव आधी आणि मग वडिलांचं, असा नियम महाराष्ट्रात झाला, ते चांगलं झालं. पण त्याआधी जन्मलेल्या आपण सगळ्या अजून तीन-तीन नावांत विभागलेल्या आहोत, आणि ती जोडायचं प्रतिज्ञापत्र करायला पैसे आणि मजुरीचा एक दिवस आपलाच जातो.

आता नव्या पद्धतीकडे येऊ. दर्शनाला जाताना आपण चपला ठेवतो, तिथला सेवेकरी एक बिल्ला देतो. परत येताना बिल्ला दिला की चपला मिळतात. तो नाव विचारत नाही, गाव विचारत नाही, जात विचारत नाही. चपला आपल्याच आहेत एवढंच त्याला कळायला हवं आणि बिल्ल्यावरून तेवढंच कळतं. नव्या पद्धतीचा गाभा हा बिल्ला आहे. दाखला देणारा एक, तो जपून ठेवणारी आपण, आणि तपासणारा तिसरा. तपासणाऱ्यानं दर वेळी मध्यवर्ती साठ्याला फोन लावायची गरज नाही, कारण देणाऱ्याची मोहोर दाखल्यावरच असते आणि ती खरी की खोटी हे तिथल्या तिथे तपासता येतं. शिवाय आपण हवं तेवढंच दाखवतो. समजा एखाद्या योजनेला वय 21 ते 65 मध्ये असावं लागतं. आज आपण अख्खी झेरॉक्स देतो, म्हणजे जन्मतारीख, पत्ता, आधार क्रमांक, फोटो सगळंच. नव्या दाखल्यातून फक्त एवढं उत्तर देता येतं: वय बसतं का, हो. बाकी झाकलेलं.

महाराष्ट्रात याच्या जवळचा एक प्रयोग झालाय, गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत. घनदाट जंगलाचा, आदिवासी वस्तीचा हा भाग. 2022 साली तिथल्या उपविभागात सुमारे 65 हजार जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवायला सुरुवात झाली. त्याच्या आदल्या वर्षी राज्याच्या कौशल्य विकास मंडळानंही आपल्या पदविका प्रमाणपत्रांसाठी असंच काम हाती घेतलं होतं. जातीच्या दाखल्यावर लेकराची शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरी, निवडणुकीतली राखीव जागा एवढं सगळं टांगलेलं असतं, म्हणून खोटे दाखलेही निघतात आणि त्यापायी खऱ्या दाखलेवाल्यांची फरफट होते. एटापल्लीच्या दाखल्यावर ठिपक्यांचा चौकोनी क्यूआर कोड असतो. तो मोबाइलनं वाचला की दाखला खरा की फिरवलेला ते कळतं.

हे ब्लॉकचेन म्हणजे काय? एक वही, पण तिची हुबेहूब प्रत अनेक संगणकांत ठेवलेली. प्रत्येक नव्या पानावर आधीच्या पानाचा ठसा असतो. कोणी जुनं पान फाडून नवं चिकटवलं, तर पुढच्या सगळ्या पानांवरचे ठसे जुळेनासे होतात आणि चोरी उघडी पडते. या वहीत दाखला पूर्ण लिहायची गरज नसते, दाखल्याचा ठसा ठेवला तरी पुरतं. हा ठसा दळणासारखा समजा. डब्यात कोणते दाणे किती होते, ते पिठाकडे पाहून परत दाण्यांत आणता येत नाही. पण संगणकाच्या या गिरणीत तेच दाणे पुन्हा घातले, तर पीठ कणभरही न बदलता तेच येतं. एक दाणा बदला, पीठच वेगळं. म्हणून वही सगळ्यांपुढे उघडी असली तरी आपली माहिती उघडी पडत नाही, आणि दाखल्यात एक अक्षर फिरवलं तरी पकडलं जातं.

इथे आम्हाला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे, कारण या पद्धतीचे विकणारे ती सांगत नाहीत. ही वही खोटं पकडते ते नोंद झाल्यानंतरचं. पहिल्यांदा लिहितानाच चूक झाली, तर तीही ती तितक्याच इमानानं जपून ठेवते. आणि जे कागदावर मुळात नाहीच, ते ती कुठून आणणार? एप्रिल 2025 पासून महाराष्ट्रात शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो. हा क्रमांक सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळतो. पेरणीपासून वेचणीपर्यंत वावरात राबणाऱ्या किती जणींचं नाव सातबाऱ्यावर आहे, ते आपापल्या गटात हात वर करून मोजा. नवरा गेल्यावर वारसाची नोंद लावायला तलाठी कार्यालयात चकरा मारणाऱ्या बाईला आधी सातबाऱ्यावर नाव पाहिजे. क्यूआर कोड तिच्यासाठी नंतरची गोष्ट आहे.

मग दुसरा प्रश्न येतो कारभाराचा. वही कशीही असो, तिचे नियम कोण ठरवतं? लाडकी बहीण योजनेचं ताजं उदाहरण आहे. 2025 च्या ई-केवायसीत बाईच्या आधारसोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला गेला. ज्या बाईचा नवरा वारलाय आणि वडीलही नाहीत, तिनं कोणाचा क्रमांक भरायचा? ज्या बाईला टाकून दिलंय, तिनं त्याच माणसाच्या दारात जाऊन ओटीपी मागायचा? पुढे अशा बायांसाठी कागदपत्रं देऊन वेगळी सोय करावी लागली. संगणक बिघडलेला नव्हता. रकाने आखताना एकट्या बाईचा विचार झाला नव्हता, एवढंच. यंत्र उत्तम असलं तरी नियम ठरवणाऱ्यांत आपण नसलो, की असं होतं.

नियम ठरवण्यातली ताकद आपल्याला नवी नाही. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते. गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायांचं मतदान होतं, उभी बाटली की आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी 25 टक्के बायांनी सह्यांनिशी मागणी करायची, त्या सह्या तपासल्या जातात, मग गुप्त मतदान. आणि आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं लागतात ती आलेल्या बायांची नाहीत, यादीतल्या सगळ्या बायांची. वारलेल्या, लग्न होऊन गेलेल्या, कामासाठी सुरतेला गेलेल्या बायांचीही नावं यादीत असली, तर घरी बसलेली प्रत्येक बाई आणि यादीतलं प्रत्येक शिळं नाव दारूच्या बाजूनं मोजल्यासारखं होतं. ओळख आणि कारभार या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे यावरून चांगलं दिसतं. यादी कोण दुरुस्त करतं, टक्केवारी कशाची धरतात, यावर बाटली आडवी होणार की उभी राहणार ते ठरतं.

समजा उद्या आपल्याच ग्रामसंघानं ठरवलं, की सदस्यांना असा डिजिटल दाखला द्यायचा. त्याचा उपयोग काय? एखादी बाई सहा वर्षं गटात आहे, चार कर्जं वेळेवर फेडली आहेत. नवऱ्याच्या कामासाठी ती पुण्याला गेली, किंवा मुलगी लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेली, की तिथल्या गटात ती कोरी पाटी. तिची पत गावातल्या वहीत राहून गेली. ग्रामसंघाच्या मोहोरेचा दाखला तिच्याजवळ असेल, तर ती तो नव्या गटाला दाखवेल, आणि तो खरा आहे का हे विचारायला कोणाला शेगावला फोन करावा लागणार नाही. आम्हाला या सगळ्यातला सर्वात मोलाचा उपयोग हाच वाटतो. माहेर, सासर, स्थलांतर असं बाईचं आयुष्य हलत असतं आणि तिची पत मात्र जागच्या जागी अडकते.

पण तो बनवताना काही गोष्टी आपल्यालाच ठरवाव्या लागतील, अ‍ॅप बनवणाऱ्या पोरांवर सोडून चालणार नाही. फोन हरवला किंवा नवऱ्यानं हिसकावून घेतला तर? दाखल्याची किल्ली फोनात असते. 1991 साली आफ्रिकेतल्या नायजर देशात केअर संस्थेनं गावातल्या बायांचे बचत गट सुरू केले. त्या पद्धतीत पैशाच्या पेटीला तीन कुलपं असतात आणि तीन किल्ल्या तिघींकडे. तिघी जमल्याशिवाय पेटी उघडत नाही. डिजिटल किल्लीचेही असे तुकडे करता येतात. पाच मैत्रिणींकडे एकेक तुकडा, त्यातल्या कोणत्याही तिघी एकत्र आल्या की बाईला नवी किल्ली मिळते. कोणत्या पाच, हे बाईनं स्वतः ठरवायचं. पाचही सासरच्याच असल्या तर काय उपयोग?

दुसरं, या वहीत काय लिहायचंच नाही. ब्लॉकचेनवर लिहिलेलं पुसता येत नाही, हा तिचा गुण सांगतात. पण दोन हप्ते थकले कारण लेकरू दवाखान्यात होतं, ही नोंद बाईच्या माथी जन्मभर का? आजार, घरातलं भांडण, टाकलेली बाई असल्याचा शिक्का, असलं काही त्या कायमच्या वहीत जाता कामा नये. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा आपली माहिती दुरुस्त करून घ्यायचा आणि पुसून मागायचा हक्क देतो. म्हणून माहिती आपल्याजवळ, आणि सामाईक वहीत फार तर दळलेलं पीठ, ही मांडणी बरी.

तिसरं, आपला दाखला कोणी पाहिला ते आपल्याला दिसलं पाहिजे. युरोपातला एस्टोनिया हा सुमारे 13 लाख वस्तीचा देश. तिथे प्रत्येक खात्याची माहिती त्या त्या खात्यातच राहते, एका गोदामात भरत नाहीत, आणि कोणत्या कार्यालयानं आपली नोंद उघडली ते नागरिक स्वतः पाहू शकतात. आपल्या शेजारच्या भूताननं 2023 मध्ये कायदा करून, दाखले माणसाच्या स्वतःच्या फोनात राहतील अशी राष्ट्रीय ओळख सुरू केली. दोन्ही देश लहान आहेत, आपल्याइतकी गर्दी तिथे नाही. पण पाहणाऱ्याची नोंद राहावी ही मागणी आपण ग्रामसंघाच्या ठरावात आजही लिहू शकतो.

हे सगळं येईल तेव्हा येईल. तोवर आहे त्यात सांभाळायचं ते थोडक्यात सांगतो. आधारची प्रत द्यायचीच असेल तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं झाकलेलं आधार डाउनलोड करून द्या. झेरॉक्स दिली तर तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहा, सही करा. बँकमित्राकडे अंगठ्यावर पैसे काढताना "लागला नाही, पुन्हा ठेवा" असं म्हटलं, तर आधी पहिल्या वेळची पावती मागा. एका अंगठ्यात एकदा पैसे निघाले असतील आणि दुसऱ्यात पुन्हा निघतील. पिन चोरीला गेला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही, म्हणून वापर नसेल तेव्हा आधारचे ठसे कुलूपबंद करायची सोय आहे, ती वापरा. त्यासाठी 1947 या क्रमांकावर विचारा. खात्यातून पैसे गेलेच, तर त्याच दिवशी 1930 ला फोन करा.

एका गटाच्या अध्यक्षताईंनी विचारलंय, की ज्या बाईकडे फोनच नाही तिचं काय? या दाखल्याला फोन लागलाच पाहिजे असं नाही. मोहोरेसकट सगळी माहिती क्यूआर कोडमध्ये बसवून तो साध्या कागदावर छापता येतो, प्लास्टिकमध्ये घालून पासबुकात ठेवता येतो. फोन लागतो तो तपासणाऱ्याला. तेव्हा ग्रामसंघात कोणी अ‍ॅप घेऊन आलं, तर पहिल्यांदा हेच विचारा, की कागदावर छापून मिळेल का. 'नाही' म्हणाले तर त्यांना चहा पाजा आणि ठराव पुढच्या बैठकीवर ठेवा.